“सुट्टीत काय मजा करणार?” हा प्रश्न मी विचारणं सोडलंय

सुट्टी लागायच्या आधीचा आठवडा कुठल्याही शाळेत जाऊन बघा, शिकवणं जवळजवळ संपलेलं असतं, मुलांचं लक्ष वर्गात सोडून सगळीकडे असतं, टीचर लोकांच्या डोक्यावर पेपरांचे गठ्ठे असतात आणि मग कोणाला तरी आठवतं की अरे आपल्याकडे काउन्सेलर आहे ना, तिला पाठवा की वर्गावर, सणासुदीचं काहीतरी छान घे म्हणावं. हे “काहीतरी छान” माझ्या वाट्याला इतक्यांदा आलंय की आता मी आधीच तयारीत असते. पण सुरुवातीच्या वर्षांत मी जे काही घ्यायचे ते आठवलं की आजही कानकोंडं होतं.

तेव्हाची माझी हुकमी ॲक्टिव्हिटी म्हणजे गोल करून बसायचं, बॉल फिरवायचा, ज्याच्या हातात बॉल त्याने सांगायचं की सुट्टीत काय मजा करणार. सोपं, साहित्य शून्य, मुलं खूश. एका वर्षी बॉल एका मुलाकडे गेला (वय, वर्ग वगैरे तपशील मी मुद्दाम बदललेत), तो काही बोलेना. बॉलची शिवण नखाने उकरत बसला. मी आपली उत्साहात, “अरे सांग ना, काहीतरी तर करणार असशील!” तर म्हणाला, “झोपणार.” सगळा वर्ग हसला, मीही हसले, बॉल पुढे गेला. नंतर दोन दिवसांनी वर्गटीचरकडून कळलं की त्याच्या घरी नुकतीच फाटाफूट झाली होती आणि सुट्टीत तो नक्की कुठल्या घरी असणार हेच ठरलेलं नव्हतं. म्हणजे त्याने खरं उत्तर दिलं असतं तर “माहीत नाही” हेच दिलं असतं, आणि मी वीस जणांसमोर त्याच्याकडून मजा वदवून घेत होते.

तेव्हापासून माझं एक ठरलंय. सुट्टीच्या आधीची ॲक्टिव्हिटी बनवताना मी डोळ्यासमोर आणते ते ज्याला सुट्टी नकोय ते मूल. बाकीचे वीस जण काहीही दिलं तरी मजेत करतात, त्यांची काळजी नाही. आणि सुट्टी नको असलेली मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात हो. शाळा म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली जागा, रोज भेटणारी माणसं. सुट्टीत हे सगळं एकदम काढून घेतलं जातं. कोणाच्या घरी भांडणं असतात, कोणाचं माणूस वर्षभरात गेलेलं असतं आणि पहिलाच सण असतो, कोणाकडे पैशांची ओढाताण, कोणाला पाहुण्यांची गर्दी सोसत नाही, आणि काहींच्या घरी तो सण पाळतच नाहीत. या शेवटच्यांचा विचार तर आम्ही कोणीच करायचो नाही. आता मी कुठल्याच सणाचं चित्र, चिन्ह, रंगसंगती वापरत नाही. विषय “सुट्टी” किंवा “एकत्र येणं” एवढाच ठेवते, म्हणजे कोणाला बाहेर बसायची वेळ येत नाही.

आता थोडं थिअरीचं, लांबवत नाही. एसईएल म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षण म्हटलं की आमच्या क्षेत्रात कॅसेल या संस्थेचं नाव येतंच, १९९४ पासून चालू आहे, त्यांची पाच कौशल्यं आहेत, स्वतःला ओळखणं, स्वतःला सांभाळणं, दुसऱ्याचं समजून घेणं, नाती जपणं आणि विचार करून निर्णय घेणं. २०११ साली एक मोठा अभ्यास आला, २१३ प्रोग्रॅम आणि दोन लाख सत्तर हजार मुलं, त्यात असं दिसलं की एसईएल मिळालेली मुलं अभ्यासातसुद्धा सरासरी ११ पर्सेंटाइलने पुढे होती. हा आकडा आम्ही सगळे मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तोंडावर फेकतो, मीही फेकलाय. पण त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की फायदा दिसला तो क्रमाने शिकवणाऱ्या, मुलांना प्रत्यक्ष करायला लावणाऱ्या आणि नक्की कुठलं कौशल्य शिकवतोय हे स्पष्ट असलेल्या प्रोग्रॅममध्ये. हा भाग कोणी सांगत नाही. कागदाचे तारे कापून भिंतीला चिकटवले आणि त्याला एसईएल म्हटलं तर ते क्राफ्ट झालं, एसईएल नाही. क्राफ्टला माझा विरोध नाही, उलट हात कामात असले की मुलं जास्त बोलतात, पण तासाच्या शेवटी “आज कुठलं एक कौशल्य?” याचं उत्तर मला देता आलं पाहिजे.

तर सध्या माझ्या पोतडीत काय आहे ते सांगते.

सगळ्यात जास्त वापरते ती दोन रंगांची पट्टी. दोन बोटं रुंद कागदाची पट्टी, मधोमध घडी. एका बाजूला सुट्टीबद्दल वाटणारी एक भावना, दुसऱ्या बाजूला त्याच वेळी वाटणारी दुसरी. बस. गंमत अशी की साधारण सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी दोन उलट्या भावना असू शकतात हे पटतच नाही, ती म्हणतात आधी आनंद वाटेल मग दुःख. त्यामुळे लहान वर्गात मी “आधी-मग” असंच घेते आणि तिसरी-चौथीच्या पुढे “दोन्ही एकदम” घेते. पण पट्टीच्या आधी फळ्यावर शब्द लागतात, नाहीतर सगळ्या पट्ट्यांवर “आनंदी” आणि “दुःखी” एवढंच येतं आणि तास फुकट जातो. आणि आपल्या भाषेत काय एकेक शब्द आहेत! हुरहुर, धाकधूक, हेवा, चीड, ओशाळणं, हिरमुसणं, जीव भांड्यात पडणं. मी विचारलं हुरहुर म्हणजे काय, तर एक मुलगी म्हणाली, “मिस, बसमधून उतरल्यावर काहीतरी राहिलंय असं वाटतं पण दप्तर तर पाठीवर असतं, ते.” यापेक्षा चांगली व्याख्या मला आजवर सापडलेली नाही. भावनेला नाव दिलं की ती जरा निवळते हे आपण आजी-आज्यांकडून ऐकतोच (“बोल, मोकळी हो”), पण २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर हे दिसलंय, रागावलेले किंवा घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेचं नाव ओळखायला सांगितलं तर मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली.

पट्टी मुलांनी स्वतःकडेच ठेवायची. कोणाला दाखवायची सक्ती नाही. हे मी दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसत नाही.

दुसरी माझी लाडकी म्हणजे नावडतं गिफ्ट. रिकामे खोके आणते, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर वस्तू, म्हणजे मोजे, तुझ्याकडे आधीच असलेलं पुस्तक, तीन वर्षांच्या बाळाचं खेळणं, असं काहीतरी. जोडीने यायचं, एकाने द्यायचं दुसऱ्याने उघडायचं, आणि बाकीच्यांनी उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. ही कल्पना काही माझ्या डोक्यातून आलेली नाही, मानसशास्त्रात यावर गाजलेला प्रयोग आहे, १९८४ मधला, कॅरोलिन सार्नी यांचा. त्यांनी मुलांना एक काम दिलं, बक्षीस म्हणून आधी चांगली वस्तू दिली आणि पुढच्या वेळी मुद्दाम लहान बाळाचं खेळणं, आणि मुलं निराशा लपवतात का ते पाहिलं. मोठी मुलं, विशेषतः मुली, जास्त लपवत होत्या. लहान मुलांच्या तोंडावर सगळं लख्ख दिसत होतं.

वर्गात हे करताना प्रचंड हशा होतो, आणि होऊ द्यायचा, पण खरा तास सुरू होतो तो कोणीतरी “मिस म्हणजे खोटं बोलायचं?” असं विचारतं तेव्हा. दरवर्षी कोणीतरी विचारतंच. आधी मी याचं गुळमुळीत उत्तर द्यायचे, “तसं नाही पण समोरच्याचं मन…” वगैरे, आणि मुलांना ते अजिबात पटायचं नाही, मुलांचं नाक याबाबतीत तिखट असतं. मग आम्ही मिळून एक वाट काढली. वस्तू आवडली असं म्हणायचं नाही, पण जे खरं आहे त्यातलं काहीतरी शोधून ते म्हणायचं. “तू माझ्यासाठी आणलंस” हे खरं आहे. “हे मला अपेक्षितच नव्हतं” हेही खरंच आहे की! (यावर वर्ग खाली कोसळतो.) आणि निराशा कुठे नेऊन ठेवायची, हाही प्रश्न उरतो, तर ती नंतर आपल्या माणसाला एकट्यात सांगायची. लपवायला शिकवणं एवढंच केलं ना तर आपण मुलींना विशेषतः नको तेच शिकवतो, म्हणून हा दुसरा भाग मी कधीच गाळत नाही, घंटा झाली तरी.

चमकीच्या बाटलीबद्दल मात्र माझं मत जगाच्या उलट आहे. पारदर्शक बाटलीत पाणी, डिंक आणि चमकी, हलवली की गढूळ, ठेवली की चमकी सावकाश खाली बसते, आणि मुलाने ती बसेपर्यंत श्वास बघायचा. कल्पना सुंदर. पण तीस मुलांनी तीस बाटल्या बनवायच्या म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच विचारा. एका वर्षी मी हौसेने केलं, झाकणं नीट लागली नव्हती, एक बाटली वर्गटीचरच्या हजेरीपटावर आडवी झाली आणि वर्ष संपेपर्यंत त्या हजेरीपटातून चमकी सांडत होती, दर सोमवारी त्या माझ्याकडे बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. तर आता मी एकच मोठी बाटली, मीच बनवलेली, झाकण गमने बंद केलेली घेऊन जाते. आणि श्वासाचं शिकवायला बाटली लागतही नाही. चौकोनी श्वास, म्हणजे चार मोजत आत, चार धरून, चार बाहेर, चार थांबून, बोटाने बाकावर चौकोन काढत काढत. हे पाहुण्यांनी भरलेल्या घरात टेबलाखालीसुद्धा करता येतं, कोणाला कळतही नाही, आणि मुलांना हेच आवडतं की हे सीक्रेट आहे. रोज करायला सांगायचं ते शांत असताना. चिडल्यावर पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही, मोठ्यांना तरी कुठे जमतं.

मोठ्या वर्गांना, सहावी-सातवीपासून पुढे, जर-तर कार्ड. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, नुसतं “मी चिडणार नाही” असा निश्चय केला तर तो हवेत जातो, पण “जर असं झालं तर मी हे करेन” असं आधीच बांधून ठेवलं तर पाळलं जाण्याची शक्यता वाढते. मुलांची कार्डं वाचण्यासारखी असतात. “जर सगळ्यांनी माझे मार्क विचारले तर मी पाणी आणायला जाईन.” “जर ते दोघं भांडायला लागले तर मी धाकटीला घेऊन गच्चीत जाईन.” हे दुसरं वाचलं तेव्हा मी त्या मुलाला नंतर वेगळं बोलावलं, अर्थातच. म्हणूनच कार्ड लिहायच्या आधी मी वर्गाला स्पष्ट सांगते की मी ही वाचणार आहे, आणि कोणी तुम्हाला इजा करत असेल, किंवा तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कराल असं मला वाटलं तर मी ते माझ्यापाशी ठेवणार नाही. काही जण निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवतात, मला ती सुट्टीच्या आधी पटत नाही. उद्या शाळा बंद होणार, चिठ्ठीत कोणीतरी काहीतरी भयंकर लिहिलंय, आणि ते कोणी लिहिलं हेच आपल्याला माहीत नाही, मग आपण काय करणार? त्यापेक्षा नाव असलेली चिठ्ठी, आणि ती सुट्टीच्या किमान चार दिवस आधी, म्हणजे बोलायला वेळ उरतो.

त्याच कार्डाच्या मागे गोल काढायला सांगते. मधे मी, मग आतला गोल, मग बाहेरचा. आतल्या गोलात सुट्टीत ज्याच्याशी बोलता येईल असं एक तरी मोठं माणूस. कुटुंबाचं झाड मी कधीच काढायला लावत नाही, झाडात दोन घरं, सावत्र नाती, गेलेली माणसं, सांभाळणारी आत्या, यांची ओढाताण होते. गोलात सगळे मावतात, शेजारीण मावते, एकाने तर आपल्या कुत्र्यालाच आतल्या गोलात टाकलं होतं आणि वर लिहिलं होतं “मोठं माणूस नाही पण ऐकतो”. ज्याचा आतला गोल रिकामा राहतो, ते मूल माझ्या यादीत पहिलं.

कृतज्ञतेबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक आधीच फार लिहितात. २००३ चा एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास सगळ्यांना तोंडपाठ असतो, आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्या गटाला बरं वाटत होतं. खरंय. पण तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि दहा आठवडे चालला होता, आपण वर्गात एकदा “पाच गोष्टी लिहा ज्यांच्यासाठी तुम्ही आभारी आहात” म्हणतो आणि मुलं आई, बाबा, देव, शाळा, टीचर असं लिहून मोकळी होतात. त्याऐवजी मी विचारते, या आठवड्यात कोणी तुझ्यासाठी असं काय केलं जे दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नाही? एवढाच बदल केला तरी उत्तरं बदलतात. आणि दुःखात असलेल्या मुलाकडून कृतज्ञता मागायची नाही, प्लीज.

देण्याबद्दलची ॲक्टिव्हिटी बिनपैशाचीच हवी हा माझा हट्ट. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पाच किंवा वीस डॉलर देऊन ते स्वतःवर किंवा दुसऱ्यावर खर्च करायला सांगितले, दुसऱ्यावर करणारे संध्याकाळी जास्त खूश होते आणि रक्कम किती याने फरक पडला नव्हता. तर मग वर्गात गिफ्टची अदलाबदल कशाला, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची पंचाईत. आम्ही कूपनं बनवतो, “पंधरा मिनिटं तुझी बडबड ऐकेन, मधे बोलणार नाही”, “एकदा चार्जर आधी तुला”. फक्त एक अट, कूपन खरंच पाळता येईल असं हवं. “मी कधीच भांडणार नाही” असं कूपन मी परत करते.

ज्या मुलांच्या घरातलं कोणी गेलंय त्यांना मी वर्गात काहीच करायला लावत नाही. तीन-चार जणांचा छोटा गट, माझ्या खोलीत, पालकांना आधी विचारून. पूर्वी समज असा होता की गेलेल्या माणसाला सोडून पुढे जायला शिकवायचं, आता तसं मानत नाहीत, १९९६ पासून “टिकून राहिलेलं नातं” या अर्थाने त्याकडे बघायला लागले, माणूस गेलं तरी नातं वेगळ्या रूपात राहतं. मग आम्ही एकच कार्ड करतो, “ही गोष्ट माझ्याकडे त्यांच्याकडून आली”. वस्तूच असायला पाहिजे असं नाही. एका मुलाने लिहिलं, शिंक आल्यावर दोनदाच शिंकणं. तो बराच वेळ ते बघत बसला, मग म्हणाला, “बाबा तीनदा शिंकायचे कधीकधी,” आणि खोडून तीन केलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं हे शिकायला मला बरीच वर्षं लागली, आधी मी लगेच टिश्यूचा डबा पुढे करायचे, आणि मुलाला वाटायचं आता रडायलाच पाहिजे. आता डबा टेबलावर असतो, हाताशी, पण कोणी सरकवत नाही. याच गटात एकदा एक मुलगी म्हणाली की सणाच्या दिवशी मी हसले तर चालेल का. चालेल, म्हटलं. दुःख करणं आणि रोजचं जगणं यात माणूस येरझाऱ्या घालतच असतो, मुलं तर मोठ्यांपेक्षा भराभर घालतात, आत्ता रडतील आणि पाच मिनिटांनी खेळायला पळतील, त्यात चुकीचं काही नाही हे घरच्यांनाही सांगावं लागतं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे परत आल्यानंतरचा पहिला आठवडा. सुट्टीच्या आधी सगळ्यांना काउन्सेलर हवी असते, नंतर अभ्यासक्रम मागे पडलेला असतो त्यामुळे तास मिळत नाही. मी आता वेळापत्रक करतानाच भांडून घेते, आधी एक तास तर नंतर एक तास. कारण गोष्टी बाहेर येतात त्या तेव्हा. झोपेचं चक्र बिघडलेलं असतं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते आणि सुट्टीत वेळा कशाही सरकतात, त्यामुळे पहिले दोन दिवस जी चिडचिड दिसते तिच्यात निम्मी झोप असते असा माझा अंदाज. पण उरलेली निम्मी शोधायला पाहिजे. टीचरना मी एक विनंती करते, पहिल्या दिवशी “कुठे गेला होतात, काय मिळालं” असा निबंध देऊ नका. एक गुळगुळीत (म्हणजे छान गेलेली) आणि एक खडबडीत (म्हणजे जड गेलेली) गोष्ट सांगा असं विचारा, किंवा काही सांगू नका असंही चालेल म्हणा. आणि पास म्हणायची सोय आता माझ्या प्रत्येक तासात असते, प्रत्येकाकडे एक निळं कार्ड, बाकावर पालथं टाकलं की मी पुढे जाते, का म्हणून विचारत नाही. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग मजा म्हणून पास टाकतो. टाकू दे. खरंच चालतंय ना, हे ते तपासत असतात. तिसऱ्या तासापर्यंत ज्यांना हवंय तेच टाकतात.

अमेरिकेतल्या शाळा समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक काउन्सेलर असावा असं म्हणते. हे वाचून मी हसते आणि पुढच्या वर्गाकडे पळते. त्यामुळे वर लिहिलेलं सगळं एका वर्षात करायला जाऊ नका, मलाही जमत नाही, यातलं काहीतरी एक आधी आणि एक नंतर एवढं झालं तरी खूप. या वर्षी मी सहावीला पट्टी आणि जर-तर कार्ड घेतेय, चौथीला नावडतं गिफ्ट. सोमवारी पहिला तास आहे आणि अजून नव्वद पट्ट्या कापायच्यात, खोके मात्र यंदा गणिताच्या टीचरनी साठवून ठेवलेत माझ्यासाठी. हो, त्याच, हजेरीपटवाल्या.